काजळीचा कागद

काजळ धरायला मला माझ्या आईनं शिकवलं, आणि त्या एका कसबावर सरकारचं भूकंपाचं मशीन दोन वर्षं चाललं, असं कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यांच्या घरी कुठं मशीन होतं?

राखणदार म्हणून नाव आमच्या मालकांचं, दत्तोबाचं. खाकी टोपी त्यांची, सही त्यांची. पण कागद काळा करायचा तो मी, प्रयागनं. पहिल्या दिवशी भूकंप खात्याच्या साहेबानं दाखवलं तसा ह्यांनी गुळगुळीत पांढरा कागद रुळाला गुंडाळला, रॉकेलच्या ज्योतीवर धरला आणि निम्मा जाळून ठेवला. दुसरा घेतला, त्याला कुठं काळं कुठं गोरं. साहेब घाम पुसायला लागला. मी मशीनच्या खोपटाच्या दारात उभी होते, मला राहवलं नाही.

"अवं, ज्योतीत कशापायी घालताय? शेंड्याच्या जरा वर धरा आन् फिरवत ऱ्हावा. पोराला काजळ धरताना काय पोरगं जाळता व्हय?"

साहेबानं रूळ माझ्या हातात दिला. मी दोन मिनिटांत सायीसारखी काजळी धरून दाखवली. तेव्हापासून रोज सकाळी दहाला ते काम माझं. काळा कागद लावलेला रूळ मशीनवर चढवायचा, तो हळूहळू फिरायचा आणि सुई त्याच्यावर पांढरी रेघ ओढत जायची. चोवीस तास झाले की तो उतरवायचा, स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा, म्हणजे काजळी पुसत नाही, आणि दोरीवर वाळत घालायचा. आमच्या दारात कपडे कमी आणि भूकंपाचे कागद जास्त, असं शेळगावात म्हणायचे.

हे सगळं किल्लारीच्या भूकंपानंतरचं. त्र्याण्णवच्या गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडंही फळीवरची भांडी खडखडली होती. पुढं महिनाभर अख्खं गाव अंगणात झोपत होतं. मग चौऱ्याण्णवच्या शिमग्याला साहेब जीप घेऊन आला आणि इंदापूर तालुका पालथा घालून आमच्याच माळावर थांबला. का, तर आमच्या माळाला मातीच नाही. वीतभर खणलं की काळा पाषाण. जिथं मेथीची जुडी उगवली नाही, ती जमीन भूकंपाला पसंत पडली. त्यानं खडकात खड्डा करून एक जड डबा पुरला, त्यातून वायर काढून पन्नास पावलांवर खोपटात मशीन ठेवलं.

त्या दिवशी साहेब आमच्या लिंबाखाली भाकरी खायला बसला. माझ्या सासूनं, ठमाबाईनं, त्याला सोडलाच नाही. मी त्यांना आत्या म्हणायचे. आत्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले, पण तोंड शाबूत होतं.

"सायेब, जमीन हालती कशापायी ते एकदा नीट सांगा. शेषाचं आमाला ठावं हाय, ते सोडून सांगा."

साहेब हसला, पण त्यानं नीट सांगितलं. "आजी, खाली जमीन एकसंध नाही. खडकाच्या मोठमोठ्या लाद्या आहेत. आपला देश ज्या लादीवर आहे ती उत्तरेकडं सरकते, वर्षाला दोन बोटं. पुढं दुसरी लादी आडवी आहे. तिथं रेटारेटी होऊन हिमालय वर आला. पण रेटा नुसता तिथंच राहत नाही, अख्ख्या लादीत ताण भरतो. कुठं खडकात जुनी भेग असली की तिथं तो साठत जातो. शेकडो वर्षं काही होत नाही. मग एक दिवस भेगेच्या दोन्ही बाजू एकदम सटकतात."

आत्यांनी मान हलवली. "वाटंत मेंढरं तटली की असंच हुतंया. म्होरली हालत न्हाईत, मागली रेटत्यात. मग कुठंतरी कुपान मोडतं. आन् मोडतं ते जुनं असंल तितंच."

"बरोबर तसंच," साहेब म्हणाला आणि भाकरी खाली ठेवली. त्याला जोर चढला. भेग सटकली की तिथून दोन लाटा निघतात. पहिली जोरात पळते. ती मागून ढकलल्यासारखी. प्रत्येक मेंढरू जागच्या जागी, धक्का तेवढा पुढं जातो. दुसरी सावकाश येते, ती आडवी हलवते. त्यानं आमची घोंगडी घेतली, एक टोक मालकांच्या हातात दिलं आणि झटकली. घोंगडीतून लाट ह्यांच्यापर्यंत गेली. "घरं पाडते ती ही," तो म्हणाला. "दगडमातीची भिंत वरचं ओझं पेलते, पण आडवा हिसका तिला सोसत नाही."

मग त्यानं कागदावरची गंमत सांगितली. पहिली लाट आली की सुई थरथरते, दुसरी आली की मोठी उडते. दोहोंमधले सेकंद मोजायचे आणि आठानं गुणायचं, तेवढ्या किलोमीटरवर भूकंप. सतरा सेकंद आले तर साधारण कोयनेएवढं लांब, तेवीस आले तर किल्लारीएवढं.

"आन् कुठल्या अंगाला?" मालकांनी विचारलं.

"ते एका मशीनला कळत नाही. नुसतं किती लांब तेवढं कळतं. तीन ठिकाणची मशीनं लागतात." साहेबानं धुळीत तीन गोल काढले, एक परातीएवढा, दोन ताटांएवढे. तिन्ही गोल एकाच ठिपक्यात कापले. "ही जागा."

"बरं, मग उद्या हुनार का न्हाय ते मशीन सांगतंया का?" आत्या.

"नाही आजी. ते जगात कुणालाच सांगता येत नाही. झालेलं सांगतं."

"झाल्यालं सांगाया आमची शेजारीन हाय की," आत्या म्हणाल्या, आणि साहेबाला ठसका लागला.

जाताना त्यानं दोन अटी सांगितल्या. मशीन एक तासही बंद पडता कामा नये. आणि डब्यापासून दोनशे पावलांत जनावर, गाडी, काही येता कामा नये. पावलंसुद्धा कागदावर उमटतात. मालकांनी मान डोलावली, सही केली. त्या सहीनं काय गेलं ते मला तीन महिन्यांनी कळलं.

तो माळ म्हणजे आमच्या मेंढरांची बसायची जागा. माझे सासरे मेंढरं राखायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. दसरा झाला की बिऱ्हाड घोडीवर चढवून कोकणात उतरायचं आणि ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, भोर, जेजुरी, मोरगाव करत वर यायचं. आलं की पहिला मुक्काम ह्या माळावर, दारासमोर. मीही बारा वर्षं चालले त्या वाटेनं. खरं सांगू? पाय सुजायचे, पावसात चूल पेटायची नाही, तरी तो माग मला अजून आठवतो. पहाटे मेंढरं उठायची, त्यांच्या अंगाची वाफ, लोकरीचा तो ओला वास. इथं बसून भाकरी मिळते, पण माणूस बसून बसून आंबतं. मग ह्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. आमच्या वाटणीची मेंढरं विकली, मशीनची नोकरी धरली. धाकटे दीर झुंबर, त्यांची बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही, ते आपल्या वाटणीची दीडशे मेंढरं घेऊन एकटे चालत राहिले.

चौऱ्याण्णवच्या ज्येष्ठात भावजी आलेच नाहीत. निरोप आला, माळावर मशीन हाय, मेंढरं कुठं बसवू? परस्पर पुढं गेले. पंच्याण्णवला तसंच. आत्या दोन्ही वर्षं दारात माळाकडं तोंड करून बसल्या. दिसत तर काही नव्हतं. कान लावून बसायच्या. लांबून कुणाची चार शेरडं ओरडली तरी विचारायच्या, "प्रयागे, आलं का गं?" मी नाही म्हणायचे. दिवसातून दहा दहा वेळा. एकदा मी करवादले, "आलं की सांगीन की! मी काय बांधून ठेवलंय त्यास्नी?" त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि मला दिवसभर भाकरी गोड लागली नाही.

शहाण्णवचा ज्येष्ठ लागला आणि त्यांनी जेवण टाकलं. दुखणं काही नाही. कळंबच्या डॉक्टरांनी नाडी बघून सांगितलं, वय झालंय, मनासारखं करा. मनासारखं म्हणजे काय ते मला विचारायची गरज नव्हती. दारात एकदा मेंढरं उभी राहावीत आणि झुंबर त्यांच्याबरोबर असावा, एवढंच त्या म्हातारीला मरणाआधी पाहिजे होतं. मागणं तेवढं एकच होतं.

भावजी मोरगावला उतरलेत असं कळलं. मालकांना दहाचा कागद सोडून जाता येईना, म्हणून मी दोन दिवसांच्या काजळ्या धरून ठेवल्या आणि येष्टीनं मोरगाव गाठलं. भावजी मला देवळाअलीकडं, रस्त्याच्या कडेच्या चिंचेखाली भेटले. दोन वर्षांत केवढे वाळले होते! गालाची हाडं वर आलेली, पायातलं पायताण तारेनं बांधलेलं.

"मेंढरं कुठं हायत?" मी विचारलं.

"लांब हायत. मालका... माळावर हायत तिकडं. तुमी कशाला उनात आलासा वहिनी?"

"आत्या जेवत न्हाईत. तुमाला अन् मेंढरास्नी घिऊन जायाला आलेय."

त्यांनी मान खाली घातली. "दादाची नोकरी हाय. माझ्यापायी मशिनीला तरास नगं."

"मशीन आमी बगतो. ह्यांनी सांगितलंया, माज्या जिम्म्यावर आन."

मला वाटलं होतं, हे ऐकून माणूस खुलेल. पण ते पायताणाची तार पिळत बसले. मला राग आला. म्हटलं, "आईपेक्षा मान मोठा झाला व्हय भावजी? माळ गेला म्हनून रुसून बसलाय, तर सरळ सांगा. मी तसं सांगते म्हातारीला."

"रुसलो न्हाय वहिनी," ते म्हणाले. त्यांनी तार पायताणाला परत गुंडाळली. "मंगळवारी येतो."

घरी येऊन नवरा-बायकोनं मसलत केली. मशीन बंद ठेवायचं का? मालक म्हणाले, ते जमायचं नाही, शब्द दिलाय. पण त्यांनी दुसरा हिशेब बांधला, आणि तो कुणाही धनगराला पटेल असाच होता. ज्येष्ठाचं ऊन तापलं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून गठ्ठ्यानं उभी राहतात. मग धोंडा मारला तरी हलत नाहीत. दुपारी बाराला आणायची, दिवस कलला की बिगीबिगी ओढ्यापलीकडं काढायची. येतानाची आणि जातानाची पावलं तेवढी उमटतील. "त्येवढं काय सायबाला वळखू येनार न्हाय? मी सुदिक उसाचा ट्रक वळखतो, खडीचा सुरुंग वळखतो," मालक म्हणाले. मेंढराच्या स्वभावाबद्दल त्यांचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. माणसाचा स्वभाव त्यांनी धरला नव्हता.

मंगळवारी बाराला धूळ दिसली. मी आत्यांना हाताला धरून दारात आणलं. घंटा वाजत होत्या. भावजींबरोबर एक तिशीचा गडी होता, पागोटंवाला. सोबती म्हणून सांगितलं. दोनेकशे मेंढरं माळावर चढली आणि मालक म्हणाले तशीच उन्हात गठ्ठा करून थिजली. मालक खोपटात सुई बघत उभे. तिथूनच त्यांनी हात वर केला, सगळं शांत आहे म्हणून. आत्यांनी त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली. भावजींच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "हाडकं मोजाय येत्यात की रं तुजी," म्हणत होत्या, आणि भावजी ताटातल्या कालवणाकडं बघत होते.

चारच्या सुमाराला भावजी उठले. "काढतो आता मेंढरं."

"थांब," आत्या म्हणाल्या. "मला त्यांच्यात ने."

"आये, पडशील."

"पडंन तर मेंढरावर पडंन. ने म्हनते ना!"

कोण अडवणार? मी एका बाजूनं धरलं. म्हातारी मेंढरांत शिरली आणि माझा हात तिनं सोडवून घेतला. गठ्ठा फुटला. मेंढरं अंगाशी घासायला लागली, बिचकून पळायला लागली, परत यायला लागली, कुत्रं भुंकत भोवती फिरायला लागलं. आत्या मधोमध खाली बसल्या. हाताला येईल ते मेंढरू ओढायचं, पाठ दाबायची, लोकर चिमटीत धरायची, कान चाचपायचा, सोडायचं, दुसरं ओढायचं. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. मालक खोपटाच्या दारात आले, काहीतरी ओरडायला तोंड उघडलं आणि आईकडं बघून तसेच परत आत गेले.

"लई झाक ठेवलीस झुंबर," आत्या मोठ्यानं म्हणाल्या. "तुज्या बाची मेंढरं अशीच व्हती. आपलं मेंढरू हाताला कळतं." आणि मग म्हणाल्या, "आज न्हाय जायाचं. आजची रात माज्या दारात बसव."

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मेंढरं तिथंच बसली. भावजी रात्रभर आत्यांच्या वाकळेशेजारी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच जीप आली. साहेबाचा यायचा दिवस अजून आठ दिवसांवर होता. तो उतरला, माळावरच्या मेंढरांकडं बघितलं, लेंड्यांतून वाट काढत खोपटात गेला. कालचा कागद अजून मशीनवरच होता. मी दारातून बघितलं. बाराच्या सुमाराचे थोडे ओरखडे सोडले तर चारपर्यंत बारीक सुतासारखी रेघ, आणि चारनंतर नुसता पांढरा गिचका. कुणी नखांनी ओरबाडल्यासारखा.

"दत्तोबा," साहेब म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "काल चार वाजून बारा मिनिटांनी धक्का झाला. लहानच, पण झाला. दोन ठिकाणच्या मशीनांवर आलाय, मला फोन आले. दोन गोल काढले की ते दोन जागी कापतात. एक जागा उत्तरेला, एक दक्षिणेला. दोहोंतली खरी कुठली, ते तुमच्या कागदानं सांगायचं होतं. पहिली लाट कुठं, दुसरी कुठं, यात काही दिसतंय का तुम्हाला?"

मालकांनी कागदावर वाकून बघितलं. ट्रक ओळखणारा माणूस, सुरुंग ओळखणारा माणूस. सेकंदाच्या खुणांवरून बोट न टेकवता फिरवत राहिले. माझ्या काजळीवर आमच्याच म्हातारीचा आनंद लिहिला होता, आणि त्याच्या खाली कुठंतरी सगळी जमीन हलून गेली होती.

"न्हाय दिसत, सायेब."

"जनावरांचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"व्हय. चूक माजी हाय. एकट्याची." मालकांनी टोपी काढून मशीनशेजारी ठेवली. "मशीन न्याल आता?"

"न्यावं लागेल," साहेब म्हणाला. "कागद तुमच्या घरासारखा कुठंच निघत नव्हता हो." आणि तो जीपकडं जाऊन उलटं तोंड करून उभा राहिला.

भावजी हे सगळं ऐकत होते. ते एकदम मालकांच्या पायाशी बसले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"दादा, कशापायी घालवलीस रं नोकरी! ती मेंढरं माजी न्हाईत. माजी मेंढरं परवाच्या साली कोकनात रोगानं गेली. पंचवीस राह्यली, ती विकली. मी सालगडी हाय दुसऱ्याच्या मेंढरांवर. ह्यो पागोट्यावाला त्या मेंढरांच्या मालकाचा पुतन्या. मशीनचं मी निमित्त करत व्हतो. कुठल्या तोंडानं यिऊ घरी?"

तेव्हा मला उलगडलं. मोरगावची ती चिंच, ती तार, "मालका" म्हणून अडखळलेली जीभ. आणि मी त्यांना मानाचं बोलले होते. दारात आत्या बसल्या होत्या. त्यांनी ऐकू नये म्हणून मी वळले, पण त्यांचं तोंड आमच्याकडंच होतं.

"हळू बोल की," त्या म्हणाल्या. "मला कालच कळलंय."

"काय कळलंय?" मी विचारलं.

"आपल्या मेंढराच्या डाव्या कानाला काप असतोया. ह्यांच्या उजव्या कानाला भोकं हायत. तीस-चाळीस कान चाचपलं मी. येकबी आपला न्हाय."

भावजी त्यांच्यापाशी दारात येऊन बसले. "मग... तवाच का न्हाय बोललीस, आये?"

"बोलले असते तर तू काल चारलाच गेला असतास."

माळावर पागोटंवाल्यानं शीळ घातली. मेंढरं उठली, घंटा वाजायला लागल्या. त्याला पुढं पळसदेवच्या अंगाला पोचायचं होतं. त्यानं दोनदा हाक मारली, "झुंबर! ए झुंबर!" भावजी काठी घ्यायला वाकले. आत्यांनी हात पुढं करून हवेत शोधला, त्यांचं मनगट सापडलं तसं धरलं आणि स्वतःकडं ओढलं. ती हाडांची मूठ, पण सुटेना. भावजींनी सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

पागोटंवाला थोडा वेळ थांबला. मग त्यानं कुत्र्याला हाक घातली आणि मेंढरं ओढ्याकडं वळवली. खोपटात सुई अजून खरखरत होती, पण कागद बदलायला कुणी गेलं नाही. शेवटचं मेंढरू उतारावरून दिसेनासं झालं, तरी भावजी दारातून उठले नव्हते.